गिअरबॉक्सचा ताप आणि बिल्टीवरील मुदत



पुणे-सोलापूर महामार्गाला दौंड-बारामती रस्ता जेथे मिळतो, त्या कुरकुंभच्या भूमीवर, फिरंगाईदेवीच्या सान्निध्यात, अवजड वाहतूकदारांची ही परिषद भरावी यात मला मोठे औचित्य दिसते. कारण औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांकडे जाणारे टँकर व पोलादी पात्रे आणि हंगामात काठोकाठ भरलेली उसाची वाहने, असा दुहेरी भार या चौकाने वर्षानुवर्षे वाहिला आहे. अध्यक्षपदाच्या मानाबद्दल आपले आभार मानून मी थेट विषयाकडे येतो. भार ओढताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये जी उष्णता निर्माण होते, तिच्या बंदोबस्ताची जबाबदारी नेमकी कोणाची, हा तो विषय आहे.

आपल्याकडील बहुसंख्य ट्रक अद्याप हाताने गिअर बदलण्याचेच आहेत. अवजड भार ओढणाऱ्या काही नव्या पुलरमध्ये गिअर आपोआप पडत असले तरी आत साधा क्लचच असतो, आणि तेथे ताप होतो तो क्लचच्या प्लेटीला. परंतु ज्या वाहनांत टॉर्क कन्व्हर्टर आहे, त्यांची प्रकृती निराळी. हर्मन फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती मुळात जहाजांसाठी योजिलेली होती. इंजिनाबरोबर फिरणारे चक्र तेल फेकते आणि त्या तेलाच्या रेट्याने समोरचे चक्र फिरते; भार जड असून गाडी मंदगतीने चालली, की या दोन चक्रांच्या गतीत मोठे अंतर पडते आणि इंजिनाच्या शक्तीचा मोठा अंश चाकांपर्यंत न पोहोचता तेलातच उष्णतारूपाने मुरतो. २०० किलोवॉट शक्ती आत येत असता कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्क्यांवर उतरली, तर ४० किलोवॉट उष्णता, म्हणजे एकेका किलोवॉटच्या चाळीस विजेच्या शेगड्या, त्या बंद पेटीत अखंड पेटलेल्या असतात. वेग साधला म्हणजे लॉक-अप क्लच दोन्ही चक्रांना एकत्र जखडतो व हा अपव्यय जवळजवळ थांबतो. म्हणून चढणीवर वरचा गिअर धरून गाडी रखडत नेण्यापेक्षा वेळीच खालचा गिअर पक्का धरावा, जेणेकरून लॉक-अप टिकेल आणि इंजिनाचे फेरे वाढून पाण्याचा पंपही जोमाने चालेल.

हे तेल साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअसला सुखाने काम करते. १२० अंशांपलीकडे ते झपाट्याने बिघडते, सीलचे रबर कडक होते आणि प्लेटींचे अस्तर जळू लागते. दर दहा अंशांच्या वाढीस तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा एक स्थूल नियम जाणकार सांगतात. डिपस्टिकवरील तेल काळवंडले आणि त्यास करपट वास आला, म्हणजे हानी होऊन गेलेली असते. रेडिएटरच्या टाकीत बसविलेल्या कूलरची मर्यादाही ध्यानी घ्यावी: तो इंजिनाच्या पाण्याने तेल निववितो, तेव्हा त्या पाण्याहून तेल कधीच थंड होणार नाही. यास्तव सतत भार ओढणाऱ्या गाडीस हवेने थंड होणारा स्वतंत्र कूलर हवाच. मात्र ताशी दहा-पंधरा किलोमीटर वेगाच्या गाडीस समोरून वारा लागत नाही, सारी भिस्त पंख्यावर असते. आणि आपल्या मुलखात गळिताच्या हंगामात उसाचे पाचट व रस्त्याची धूळ कूलरच्या पापुद्र्यांत अशी दडपून बसते, की नवा कोरा कूलरही निकामी ठरावा. आतल्या बाजूने बाहेर, हलक्या दाबाच्या हवेने ते झाडून काढण्यात हयगय होता कामा नये.

उष्णता चढणीवरच वाढते असे समजण्याचेही कारण नाही. न्हावाशेवा बंदरातून आलेली यंत्रसामग्री बोरघाट चढून पुण्याकडे येते. खोपोलीकडून लोणावळ्याकडे चढताना कन्व्हर्टर तापतो हे उघड आहे. पण माल घेऊन घाट उतरताना तेलावर चालणारा रिटार्डर लावला, तर गाडीला आवरणारी सारी शक्ती पुन्हा उष्णता होऊन त्याच तेलात उतरते, आणि उतारावरही तापमानाचा काटा चढतो. त्या वेळी न्यूट्रल करणे हा घातक उपाय होय. घाट संपल्यावर सपाट जागी थांबून, न्यूट्रलमध्ये, इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहील. तत्काळ किल्ली बंद करणे म्हणजे तो ताप आतच कोंडणे होय.

आता मूळ प्रश्न. गिअरबॉक्स जळाला, की तपासाचा रोख शिरस्त्याप्रमाणे चालकाकडे वळतो. माझे मत स्पष्ट आहे: ज्या चालकास थांबण्याची मुभा नाही, त्यास थांबला नाहीस म्हणून कसूरवार ठरविणे हा अन्याय होय. मे महिन्यात, पारा चाळिशीपार असता, भर दुपारी चढणीवर गाडी घालण्याचा निर्णय बहुधा चालकाचा नसतो. तो बिल्टीवर मुदत लिहिणाऱ्याचा असतो. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निघालेले अजस्र ऑटोक्लेव्ह ७४ चाकांच्या वाहनावरून जुलै २०२० मध्ये पोहोचले. टाळेबंदीचा विलंब वगळला तरी त्या वाहनाची चाल भार आणि रस्ता यांनी ठरविली होती. लहान भारासही त्याच्या प्रमाणात हा न्याय मिळाला पाहिजे. कूलरच्या खर्चाची तरतूद मालकाने करावी, उन्हाळ्यात अवजड भार पहाटे व रात्री हलविण्याची तजवीज कारखानदाराने मान्य करावी, आणि काट्यावरील तापमानाची नोंद चालकाने ठेवावी, अशी ही वाटणी मला योग्य दिसते.

तेल थंड करण्यासाठी घेतलेला थांबा विलंबात धरू नये व त्यापोटी भाड्यात कपात करू नये, अशी अट बिल्टीवर छापील असावी, या आशयाच्या ठरावाचा मसुदा आपणापुढे येत आहे. त्यात तापमानाची मर्यादा गाडीच्या निर्मात्याने दिलेली धरावी, असे शब्द घालण्याची दुरुस्ती मी सुचवितो आणि ठराव मांडण्यास सूचकांना पाचारण करतो.