जुन्या मोटारसायकलची पारख

जालना जिल्ह्यांत एमएच २१ या क्रमांकाची एखादी वापरलेली, रानवाटेची मोटारसायकल विकावयास निघाली, म्हणजे गिऱ्हाईक प्रथम तिचे कागद मागतें. नोंदणीपत्र, विमा आणि धुराचा दाखला हातीं पडले कीं त्याचें समाधान होतें. ‘कागद स्वच्छ आहेत’ याचा अर्थ ‘गाडी निर्दोष आहे’ असा तें करून घेतें. या दोन विधानांत किती अंतर आहे हें ध्यानीं न घेतल्यास पैसा तर जातोच, पण प्रसंगीं जिवावरहि बेततें.

कायदा काय पाहतो, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें योग्यतेचा दाखला सक्तीचा केला आहे तो भाड्याच्या व मालवाहू वाहनांस. त्यांना आरंभीं दर २ वर्षांनीं व ८ वर्षांनंतर दरवर्षीं तपासणी करून घ्यावी लागते. खासगी मोटारसायकलची नोंदणी मात्र एकदम १५ वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन ती ५-५ वर्षांनीं वाढते. मधल्या काळांत नियमानें मागितला जातो तो धुराचा दाखला. त्यासाठीं इंजिन जागेवर मंद चालवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचें प्रमाण मोजतात. ब्रेक लागतो काय, चासीस तडा गेला आहे काय, हें धुराच्या नळीस कळण्याचा मार्ग नाहीं. मालकी बदलण्याचे नमुने २९ व ३० हेहि माणसांच्या अदलाबदलीची नोंद करतात, यंत्राच्या प्रकृतीची नव्हे.

जेथें तपासणी होते, तेथेंहि तिच्यावर विश्वास किती ठेवावा? चांगल्या तपासणीचीं लक्षणें दोन. एकच गाडी दोन परीक्षकांपुढें नेली तर निकाल एकच यावा. आणि जें मोडण्याचा संभव अधिक, तेंच पाहिलें जावें. स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम २०२१ सालीं निघाले, ते पहिल्या लक्षणाच्या दृष्टीनें उपकारक होत. कारण ब्रेकचा जोर डोळ्यांच्या अंदाजानें न ठरवितां यंत्रावर मोजला जातो. परंतु यंत्र विचारलेल्या प्रश्नाचेंच उत्तर देतें, आणि तेंहि त्या एका दिवसापुरतें.

रानवाटेच्या गाडीचें दुखणें तर वेगळ्याच ठिकाणीं लपलेलें असतें. भोकरदन-जाफराबादकडील खडकाळ वाटा पुढच्या काट्यास हादरे देतात. काळ्या जमिनीचा पावसाळी चिखल साखळींत व बेअरिंगांत शिरतो. विक्रीपूर्वीं जोराच्या पाण्यानें धुतलेली गाडी चकाकते खरी. पण तेंच पाणी बेअरिंगांतील ग्रीसहि घालवूं शकतें.

म्हणून घेणारानें स्वतःची तपासणी करावी. गाडी उभी करून पुढचें चाक अधांतरीं ठेवावें, काट्याचे खालचे भाग धरून मागेंपुढें हलवावें. खटका जाणवल्यास कोनसेट ढिला आहे. हँडल सावकाश फिरवितांना तें मधोमध अडकत असेल, तर तो झिजला आहे. स्पोकांवर किल्लीनें एकेक टिचकी द्यावी. ढिल्या स्पोकाचा आवाज बद्द येतो. दोन्ही चाकांना लांब सूत लावून तीं एका रेषेंत आहेत काय पाहावें. हँडलच्या मानेजवळ ताजा रंग किंवा नवें वेल्डिंग दिसल्यास कारण विचारल्यावांचून पुढें जाऊं नये. तेल दुधाळ दिसलें तर इंजिनांत पाणी गेलें आहे असें समजावें. ही परीक्षा एकदां थंड इंजिनावर व एकदां दहा-बारा किलोमीटर चालवून झाल्यावर करावी, आणि मिस्त्री विकणाराच्या ओळखीचा नसावा.

यानंतर दोषांचे दोन वर्ग करावे. साखळी, टायर, ब्रेकचे पॅड हे बदलतां येतात; त्यांचा खर्च किमतींतून वजा करावा व बदलल्यावांचून गाडी रस्त्यावर काढूं नये. चासी वांकली किंवा तडकली असेल, तर स्वस्ताईचा मोह सोडून उठावें. सदोष वाहन रस्त्यावर चालविणें हा कलम १९० खालीं गुन्हाहि आहे.

दाखला जवळ असावाच. पण तो पोलिसास दाखविण्यासाठीं आहे. उतारावर ब्रेक दाबतांना त्याचा उपयोग नाहीं. तेथें कामास येते ती खरेदीपूर्वीं शांतपणें खर्च केलेली एक सकाळ.