घडीच्या सायकलचं नाव



बेंगळुरूला चामराजपेटेत आमच्या घरी जिन्याखाली एक हिरवी सायकल असते. घडीची सायकल. ती माझ्या मामांची. सिंगापूरला मुलाकडे राहून परत येताना त्यांनी ती सामानातून आणली. चामराजपेट ही 1892 साली आखलेली वस्ती, पाच मुख्य रस्ते अगदी सरळ. कन्नड साहित्य परिषदेवरून मक्कळ कूटापर्यंत आणि परत, ही मामांची रोज सकाळची फेरी ठरलेली. पुढे गंज दिसायला लागला तेव्हा त्यांनी एका रंगाऱ्याकडून ती सबंध हिरवी करून घेतली. गंज झाकला गेला आणि त्याबरोबर सायकलचं नावही झाकलं गेलं.

मामा गेले, सायकल माझ्याकडे आली. गेल्या वर्षी मधल्या बिजागरीची मूठ ढिली पडली. घडीच्या सायकलमध्ये ही मूठ म्हणजे सर्वस्व. चालवताना ती सुटली तर माणूस तोंडावर पडेल. गल्लीतल्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी मूठ दोनदा उघडून लावली, कानाजवळ नेऊन आवाज ऐकला आणि म्हणाले, "अक्का, मॉडेल सांगा. अंदाजाने मी ही बसवणार नाही."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण मला मॉडेल कुठे ठाऊक होतं!

आधी मी चूक केली ती सांगते, कारण ती पुष्कळांच्या हातून होते. टायर झिजले होते, म्हणून एका दुकानात जाऊन "वीस इंची द्या" म्हटलं. त्यांनी वीस इंचीच दिला, आणि तो रिमवर बसेना. वीस इंच म्हणून विकली जाणारी मापं एकाहून अधिक आहेत. खरं माप टायरच्या कडेला बारीक अक्षरांत उठवलेलं असतं. माझ्या जुन्या टायरवर ओल्या फडक्याने पुसल्यावर दिसलं: 47-406. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुकानातून आणलेला होता 451 चा. सोळा इंचीतही असंच 305 आणि 349 आहे. ब्रॉम्प्टन नावाची लंडनची सायकल 349 वर चालते. म्हणून घडीची सायकल ओळखायची तर आधी हा दुसरा आकडा वाचावा. कितीतरी नावं तिथेच गळून पडतात.

मग घडी कुठे पडते ते पाहायचं. ब्रॉम्प्टनचं मागचं चाक दांड्याखाली उलटं वळतं. आमच्या सायकलचा मुख्य दांडाच मधोमध दुमडतो आणि दोन्ही चाकं शेजारी येतात. डेकॅथलॉनच्या टिल्टपासून कितीतरी सायकली अशाच, त्यामुळे एवढ्याने काही ठरत नाही. पण मामांच्या सायकलचा हँडलचा खांब दुमडला की दोन चाकांच्या मध्ये जाऊन बसतो. शाळेतली पट्टी घेऊन पुढच्या चिमट्याच्या दोन टोकांमधलं आतलं अंतर मोजलं, तर 74 मिलिमीटर भरलं. नेहमीच्या सायकलीत ते 100 असतं. सीटच्या नळीची जाडी जवळजवळ 34. मिस्त्रींनी हे आकडे पाटीवर खडूने लिहिले आणि म्हणाले, "हे डेहॉनचं घराणं."

डेव्हिड हॉन हे लेझरवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी 1982 साली कॅलिफोर्नियात डेहॉन कंपनी काढली. पुढे त्यांचा मुलगा आणि पत्नी कंपनीतून वेगळे झाले आणि 2011 मध्ये त्यांनी टर्न ही कंपनी सुरू केली. दोन्हींचं रक्त एक, त्यामुळे 74 चं अंतर आणि ती जाड सीटनळी दोन्हीकडे सापडते. पण टर्नमध्ये हँडल बहुधा चाकांच्या बाहेरच्या अंगाला दुमडतं. आमचं आत जातं. मिस्त्रींचं मन डेहॉनकडे झुकलं होतं, पण मला अजून एक पुरावा हवा होता.

तो मागच्या गिअरवर सापडला. वंगणाचा थर रॉकेलने पुसला तेव्हा शिमानो या गिअर बनवणाऱ्या कंपनीच्या नावापासून जरा आत, चिमुकल्या ठशात दोन अक्षरं दिसली: जी आणि के. शिमानोच्या सुट्या भागांवर अशी दोन अक्षरं उठवलेली असत. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. वर्षांची इंग्रजी अक्षरमाला 1976 ला सुरू झाली, 2001 ला संपली, आणि 2002 पासून पुन्हा पहिल्या अक्षरावर आली. म्हणजे जी हे एकतर 1982 किंवा 2008. हँडलची मूठ पिळून बदलायचा असला गिअर 1982 चा असेल असं वाटत नाही. के म्हणजे अकरावा महिना. नोव्हेंबर 2008! टर्नचा जन्मही झाला नव्हता तेव्हाचा हा गिअर. अर्थात हे वय गिअरचं. तो नंतर कुणी बदलला असता तर हिशोब चुकला असता. पण मामांच्या पारपत्रावर सिंगापूरहून परतल्याचा शिक्का 2009 चा आहे.

मग डेहॉनची त्या सुमाराची माहितीपत्रकं मिळवली आणि एकेक चित्र सायकलशी ताडून पाहिलं. दांड्याचा बाक, बिजागरीची जागा, कॅरियर बसवायची भोकं. सायकल पोलादी आहे हे तर चुंबकाने आधीच सांगितलं होतं. बोर्डवॉक या मॉडेलच्या चित्राशी सगळं जुळलं. पेडलच्या दांड्याखाली हिरवा रंग खरवडला तेव्हा चौकटीचा क्रमांकही निघाला. आता तो वहीत लिहून ठेवला आहे. ज्यांच्याकडे अशी सायकल असेल त्यांनी रंग देण्याआधी हा क्रमांक आणि स्टिकरांची छायाचित्रं काढून ठेवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नाव कळल्यावर नवी मूठ मागवली आणि मला वाटलं, सायकल दुरुस्त झाली की के. आर. मार्केटहून मेट्रोनेही जाता येईल. आपल्या नम्म मेट्रोने 2022 च्या नोव्हेंबरात घडीच्या सायकली न्यायला परवानगी दिली. वजन 15 किलोपर्यंत, घडीचं माप 60 बाय 45 बाय 25 सेंटिमीटर. पण 406 च्या रिमवर 47 चा टायर चढला की चाकाचाच व्यास 50 सेंटिमीटर होतो, म्हणजे 45 च्या वर. घडी कितीही बारीक घाला, चाक काही दुमडत नाही. सर्वांत लहान घडीच्या सायकलींत गणली जाणारी ब्रॉम्प्टनसुद्धा घडी घातल्यावर सुमारे 27 सेंटिमीटर जाड होते, म्हणजे 25 च्या वर. परवानगी दिली हे फार चांगलं झालं. मापं मात्र सायकलीची असावीत, पेटीची नसावीत, असं मला मनापासून वाटतं. स्टेशनापर्यंतचा आणि स्टेशनापासूनचा रस्ता ज्यांना सायकलने कापायचा आहे, अशी माणसं या शहरात खूप आहेत.

मूठ तीन आठवड्यांनी आली. मिस्त्रींनी ती बसवली, एक स्क्रू पाव फेरा आवळला, पुन्हा किंचित सैल केला, आणि मला म्हणाले, "आता तुम्ही लावा, अक्का. जोर लागला पाहिजे, पण अंगठा दुखता कामा नये." मी लावली. खट्ट असा एकच आवाज आला.

हिरवा रंग तसाच ठेवला आहे, तो मामांनी निवडलेला. फक्त क्रमांकासाठी खरवडलेली नखाएवढी जागा उघडी आहे. तिथे गंज धरू नये म्हणून दर महिन्याला तेलाचं बोट फिरवते.