जाहिरातीविना नाव: लहान ब्रूअरीचा ब्रँड



जबल अलीचं बंदर 1979 मध्ये सुरू झालं, मुक्त व्यापार क्षेत्र 1985 मध्ये आलं. इथे राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकजण गोदाम, वाहतूक, कस्टम्स अशा कामांत मुरलेले आहात. म्हणूनच लहान क्राफ्ट ब्रूअरीनं आपलं नाव कसं करावं, हा विषय मी तुमच्यासमोर मांडतो आहे. त्याचं अर्धं उत्तर तुमच्याच कामात आहे.

अमिरातीत मद्याची जाहिरात करता येत नाही. महाराष्ट्रातही 1949 च्या दारूबंदी कायद्यानं तिला मज्जाव आहे. मोठ्या कंपन्या भारतात सोडा आणि पाण्याच्या बाटल्यांआडून आपलं नाव मिरवतात. लहान ब्रूअरीनं त्या आडवाटेला जाऊ नये. तेवढा पैसा तिच्याकडे नसतो, आणि परवाना गेला तर धंदाच बसतो. माझं सांगणं सरळ आहे: जाहिरातीवर जो खर्च होऊ शकत नाही, तो चव टिकवण्यावर करा. गिऱ्हाईक दहाव्यांदा आलं तरी पहिल्या वेळचीच चव मिळाली, की ब्रँड उभा राहिला.

अबू धाबीचं उदाहरण बघा. चॅड मॅकगेही यांच्या 'साइड हसल' या ब्रँडची बिअर आधी अमेरिकेत तयार होऊन कॅनमधून इथे येत असे. 2021 मध्ये अबू धाबीनं परवानाधारक जागेत बिअर तयार करायला मुभा दिली, आणि 2023 मध्ये अल मार्या बेटावरच्या गॅलेरिया मॉलमध्ये त्यांची 'क्राफ्ट' ही ब्रूअरी सुरू झाली. आखातातली ही पहिली मायक्रोब्रूअरी. आधी पिणारे जोडले, मग टाक्या बसवल्या. भांडवल कमी असलेल्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. खजूर, मध, कडक चहा अशा इथल्या चवीही त्यांनी बिअरमध्ये आणल्या.

पुण्यात 2009 मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी डूलाली ही ब्रूअरी सुरू केली. पुढे मुंबईतल्या त्यांच्या टॅपरूममध्ये टेबलांवर बोर्ड गेम आले, सोबत कुत्रा आणायलाही मोकळीक मिळाली. लोक तिथे नुसते प्यायला येत नाहीत, निवांत बसायला येतात. तोंडोतोंडी नाव होतं ते अशा जागेमुळे. पुण्याच्याच ग्रेट स्टेट एल वर्क्स या ब्रूअरीनं सॉल्टेड कोकम एल ही बिअर काढली. जर्मनीत गोझ नावाच्या आंबट-खारट बिअरची जुनी परंपरा आहे. आपल्या कोकम सरबतातही आंबटपणा आणि मीठ असतंच. चवीचं असं नातं जुळलं, तरच स्थानिक जिन्नस वापरावा. नुसतं लेबल सजवण्यासाठी घातलेला जिन्नस पहिल्याच घोटात उघडा पडतो.

आता तुमच्या कामाकडे वळतो. उन्हाळ्यात इथे पारा पंचेचाळिशी ओलांडतो. साधा कंटेनर यार्डात दोन-चार दिवस उन्हात राहिला, की आतली बिअर झपाट्यानं शिळी होते. आधी हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घातलेल्या फुलांचा, गंध जातो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीवर ऊन पडलं, तर हॉप्समधले घटक फुटून उग्र दुर्गंधी सुटते. कॅनमध्ये उजेड शिरत नाही, पण उष्णतेपासून कॅनही वाचवत नाही. म्हणून रीफर म्हणजे शीत कंटेनर, थंड गोदाम आणि कॅनवर ठळक छापलेली उत्पादनाची तारीख ही तिन्ही ब्रँडिंगचीच कामं आहेत. तारीख छापणारा उत्पादक गिऱ्हाइकाच्या हाती हिशेब देतो.

पुढचा टप्पा बारचा. पंधरा दिवसांत एकदा बिअरच्या नळ्या धुतल्या नाहीत, तर उत्तम बिअरही आंबूस लागते. ग्लास नीट बघा: आतल्या बाजूला बुडबुडे चिकटले असतील, तर तो तेलकट आहे, त्यात फेस टिकणार नाही. दुबईत माल परवानाधारक वितरकांमार्फतच जातो. त्यामुळे तुमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे वितरकाचा खरेदी अधिकारी, आणि दुसरं ग्लास भरणारा माणूस. त्याला बिअर चाखू द्या, ती कशापासून झाली ते समजावून सांगा. तुमची बाजू गिऱ्हाइकापुढे तोच मांडणार आहे.

स्वस्ताईवर नाव उभारू नका. दुबईनं मद्यावरचा 30 टक्के कर जानेवारी 2023 मध्ये उठवला आणि जानेवारी 2025 मध्ये पुन्हा लावला. स्वस्त म्हणून आलेलं गिऱ्हाईक अशा एका आदेशानं निघून जातं. चवीसाठी आलेलं टिकतं. सुरुवातीला दहा प्रकार काढण्यापेक्षा एकच बिअर चोख करा.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. या देशात न पिणाऱ्यांची श्रद्धा जपणं ही धंद्याची पहिली अट आहे. लेबलावर धार्मिक खूण नको, 21 वर्षांखालच्या मुलांना भुरळ घालणारं चित्र नको, आणि जास्त पिण्याचं कौतुक तर मुळीच नको. उद्या तुमच्यापैकी कुणी या व्यवसायात उतरलं, तर पहिला पैसा थंड गोदामावर घाला आणि लेबलाचा चित्रकार त्यानंतर शोधा. माल चोख आणि वागणं मर्यादेचं असेल, तर लोक तुमचं नाव स्वतःहून पुढे नेतील.