दाढ न उघडता लिहिलेली चिठ्ठी

मीरा-भाईंदरमधील दंतवैद्यकाचा आढावा घेणे हे या अध्यक्षीय भाषणाचे रूढ प्रयोजन असले, तरी इम्प्लांट, लेसर आदींची प्रगती पुढील सत्रांत तज्ज्ञ मांडणारच आहेत. येथे मात्र एकाच गोष्टीचा विचार करावयाचा आहे, ती म्हणजे दाढ न उघडताच लिहिली जाणारी प्रतिजैविकांची, अर्थात जंतूंना मारणाऱ्या वा त्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांची, पाच दिवसांची चिठ्ठी.

ठणकणाऱ्या दाढेचे दुखणे बहुधा दंतमज्जेच्या, म्हणजे दाताच्या पोकळीतील नसा व रक्तवाहिन्या असलेल्या मृदू ऊतीच्या, दाहातून उद्भवते. त्या अवस्थेत प्रतिजैविकाने वेदना शमत नाही, आणि मज्जा मृत झाली की तिचा रक्तपुरवठाच तुटल्यामुळे औषध तेथवर पोहोचतही नाही. पोकळी उघडून साफ करणे, पुवाला वाट करून देणे किंवा दात काढणे हाच त्यावरचा उपचार होय. असा उपचार लगेच करता येत असेल, तर प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या प्रौढाला अशा बहुतेक दुखण्यांत प्रतिजैविक देऊ नये, असे अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. ताप किंवा पसरती सूज असल्यास औषध द्यावेच, पण ते उपचाराच्या जोडीला, उपचाराऐवजी नव्हे. तरीही अमॉक्सिसिलिन व मेट्रोनिडाझोल सर्रास लिहिली जातात, आणि त्याहून अनिष्ट म्हणजे ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची एकत्रित गोळीही लिहिली जाते, जिच्यातील ऑफ्लॉक्सासिन जागतिक आरोग्य संघटनेने जपून वापरण्याच्या गटात ठेवले आहे.

रुग्ण सकाळच्या लोकलने चर्चगेटकडे जातो, रात्री नऊला दवाखान्यात येतो, त्याला खाडा परवडत नाही, म्हणून निदान गोळ्या तरी द्याव्यात, असे अनेक सहकारी सांगतात. या वादाचा निकाल उत्तनच्या एका खलाशाने फार पूर्वीच लावलेला आहे. बोट पहाटे सुटणार म्हणून त्याने घाई केली आणि प्रस्तुत वक्त्यानेही खालची दाढ न उघडता पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या; चौथ्या दिवशी तो किनाऱ्यावर परतला तेव्हा जीभ वर उचलली गेली होती आणि सूज गळ्यापर्यंत उतरली होती. लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ मध्ये वर्णिलेला, जिभेखालच्या जागेत झपाट्याने पसरून श्वासमार्ग दाबणारा हा संसर्ग होता, आणि त्या माणसाचा श्वास चालू ठेवण्यासाठी रुग्णालयात गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागली. दाढ उघडण्यास त्या रात्री अर्धा तास पुरला असता. रुग्णाकडे वेळ नाही हे कारण त्यानंतर कोणीही पुढे केले, तरी ते मान्य करणे प्रस्तुत वक्त्याला शक्य झालेले नाही.

कायद्याच्या पहाऱ्यावरही विसंबता येत नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ नुसार औषधविक्रेत्याला काही औषधांच्या विक्रीची, लिहून देणाऱ्याच्या व रुग्णाच्या नावासह, नोंद ठेवून ती वही तीन वर्षे जपावी लागते; परंतु त्या वेळच्या ४६ औषधांच्या यादीत अमॉक्सिसिलिन नव्हते आणि मेट्रोनिडाझोलही नव्हते. म्हणून अशी वही दंतवैद्यांनीच आपापल्या दवाखान्यात स्वतःहून ठेवावी, अशी या व्यासपीठावरून आग्रहाची मागणी आहे. तिचे स्वरूप काय असावे, ती कोणी तपासावी आणि परिसरातील औषधविक्रेत्यांना त्यात कसे सामील करून घ्यावे, हे कार्यकारिणीने यथावकाश ठरवावे. प्रतिजैविक का दिले हे लिहिण्याचा रकाना मात्र तिच्यात असलाच पाहिजे. त्या खलाशाच्या केसपेपरवर तो नव्हता, आणि जपून ठेवलेला तो कागद आज पुन्हा पाहिला असता गोळ्यांची नावे, मात्रा आणि दिवस स्वच्छ वाचता येतात, त्या कशासाठी दिल्या हे मात्र कोठेच लिहिलेले नाही.