पाण्यानें राखलेलीं घरटीं

गोदावरी म्हटली कीं नाशिककरांना रामकुंड आठवतें. परंतु शहरापासून सुमारें ४० किलोमीटरांवर, निफाड तालुक्यांत नांदूरमध्यमेश्वर येथें याच नदीला कादवा मिळते, आणि तेथें पावसाळ्यांत एक निराळीच यात्रा भरते. ती यात्रा बगळ्यांची, पाणकावळ्यांची व रातढोकरींची.

विसाव्या शतकाच्या आरंभीं या संगमाजवळ बंधारा घातला गेला तो शेतीसाठीं. त्याचे कालवे पार कोपरगावच्या रानापर्यंत जातात. पांखरांचा विचार त्यांत कोणीं केला नव्हता. पण पाण्याबरोबर गाळही अडला, गाळाचीं बेटें झालीं व त्यांवर बाभळी वाढल्या. अंगावर कांटा आणि भोंवतीं पाण्याचा खंदक! असा आयता किल्ला पांखरांनीं ओळखला नाहीं तरच नवल. कोंकणच्या खाड्यांत खारफुटीवर बगळे घरटीं करतात तेंही याच हिशेबानें; मुंगसाला व रानमांजराला तेथें पोंचणें कठीण.

पावसाळाच कां? कारण तेव्हां मासे व बेडूक विपुल असतात. आईबाप गिळलेला घांस परत काढून पिलांना भरवितात. झाडाखालीं पडणारी विष्ठाही वायां जात नाहीं. तिच्यावर पाण्यांतील सूक्ष्म जीव पोसतात आणि त्यांवर मासे. पक्षी तळ्याकडून घेतो तसा तळ्याला देतोही.

मात्र ज्या गाळानें हा किल्ला बांधला, तोच आज खंदक बुजवीत आहे. गाळ सांचून पाणी उथळ होतें, त्यावर जलपर्णी पसरते. बेट कांठाला जोडलें गेलें कीं कुत्रें व कोल्हे चालत झाडापर्यंत येतात. मग बाभळीचा कांटा एकटा काय करणार?

१९८६ सालीं येथें अभयारण्य झालें. २०२० सालीं महाराष्ट्रांतील पहिलें रामसर क्षेत्र म्हणून त्याची घोषणा झाली. हा मान मोठाच. परंतु मानपत्रानें गाळ हटत नाहीं. गाळ काढणें आणि विणीच्या दिवसांत बेटांभोंवतीं पाणी राखणें, हीं कामें मनुष्यालाच केलीं पाहिजेत.

आणि पाहण्यास जाणाऱ्यांनींही एक पथ्य पाळावें. दुर्बिणीनें दुरून पाहावें. घरट्यांजवळ जाऊं नये. माणसाच्या चाहुलीनें आईबाप उडतात, आणि तेवढ्यांत कावळा अंडें उचलतो. आपलें क्षणाचें कौतुक त्यांच्या वर्षाच्या संसारावर बेतूं नये, इतकेंच.