खडीचा ढीग आणि दारिद्र्यरेषा



अर्थशास्त्राच्या या अधिवेशनासाठी खटाव तालुक्यातल्या, येरळाकाठच्या या वडूज गावात स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी इथल्या कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मा झाले. त्यांच्या स्मृतीला वंदन करून मी बोलायला सुरुवात करतो.

अधिवेशनासाठी खटावसारखा दुष्काळी तालुका कशाला, असे काहींनी मला विचारले. त्याचे उत्तर द्यायला मी आपल्याला १९७२ च्या हिवाळ्यात घेऊन जातो. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. विहिरींनी तळ गाठला होता आणि माझी आई पुसेगावच्या बाजूला रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. डोळ्यांत कपच्या उडू नयेत म्हणून पदर कपाळावरून खाली ओढलेला, पायाच्या दोन बोटांत दगड धरलेला, हातात हातोडी. मुकादम ढीग मोजायचा आणि ढिगाच्या मापावर मजुरी ठरायची. कामावर सुकडी वाटली जाई. आई निम्मी खायची आणि निम्मी पदराच्या गाठीत बांधून आमच्यासाठी आणायची.

त्याआधी सुमारे दोन वर्षे, जानेवारी १९७१ मध्ये, पुण्यातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला होता. प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ यांचा ‘भारतातील दारिद्र्य’ हाच तो अभ्यास. माझ्या आईला त्यांची नावे ठाऊक नव्हती, पण ते लिहीत होते ते तिच्याबद्दलच.

त्यांनी प्रश्न अगदी सरळ धरला. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न ज्या घरात शिजते, त्या घराचा खर्च किती? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून, १९६०–६१ च्या किमतींनी, उत्तर आले ते असे : खेड्यात माणशी वर्षाला १७० रुपये, शहरात २७१. म्हणजे खेड्यात महिन्याला चौदा रुपये आणि वर थोडे. एवढाही खर्च न झेपणारे लोक ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के निघाले आणि शहरांत ५० टक्के. त्यानंतरच्या दशकातल्या वाढीचा लाभ मुख्यतः वरच्या थरांना मिळाला, असेही त्यांनी दाखवले. जमीन वाटून सर्वांना पुरणार नाही, म्हणून काम मागेल त्याला काम द्या आणि त्याचा भार सधन वर्गाने उचलावा, असा त्यांचा आग्रह होता. इकडे वि. स. पागे यांनी तासगाव भागात साठच्या दशकातच असा प्रयोग करून पाहिला होता. पुढे त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

मित्रहो, दांडेकर-रथ यांच्या अभ्यासाचे विद्वानांनी काय केले, ते मला आज मुद्दाम सांगायचे आहे. त्यांनी तो डोक्यावर घेतला नाही आणि कपाटातही ठेवला नाही. त्यांनी त्याचा हिशेब पुन्हा मांडला. त्याच सुमारास बी. एस. मिन्हास यांच्या गणिताने ग्रामीण दारिद्र्य घटत होते, तर प्रणब बर्धन यांच्या गणिताने ते वाढत होते. पाहणीचे आकडे तेच होते, पण रेषा कुठे ओढायची आणि भाववाढ कशी मोजायची यावर निष्कर्ष उलटत होता. गरीब मोजणे किती अवघड आहे, हे देशाला त्या वादातून समजले.

सर्वांत मूलगामी आक्षेप आला तो या तालुक्याच्या सुपुत्राकडून. संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म इथल्याच बुध गावचा. रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा वाहून ते पुण्यात परतले. त्यांचे म्हणणे असे, की माणसाची उष्मांकांची गरज एका आकड्यात बसत नाही. तोच माणूस आज कमी आणि उद्या जास्त खाऊन तेवढेच काम करतो. सरासरी गरजेलाच उंबरठा मानले, तर धडधाकट माणसेही उपाशी ठरतात. आणि पाणीच दूषित असेल तर पोटात गेलेले अन्नही अंगी लागत नाही. दांडेकरांनी १९८१ साली त्याच साप्ताहिकात मोजमापाचा प्रश्न पुन्हा मुळापासून मांडला. एकाच शहरात राहणारी ही दोन मोठी माणसे वर्षानुवर्षे भांडली, पण लेखणीने आणि आकड्यांनी.

या वादाकडे मी माझ्या आईच्या जागेवरून पाहतो. निम्म्या सुकडीवर तिने दिवसभर हातोडी चालवली, म्हणजे शरीर जुळवून घेते हे खरे. त्याच वर्षी डबक्याचे पाणी पिऊन आम्हा भावंडांना हगवण लागली आणि तिने पदरात बांधून आणलेला घास आमच्या अंगी लागला नाही. म्हणजे सुखात्मे पाण्याबद्दल बोलत होते तेही खरे. पण त्या जुळवून घेण्याची किंमत तिच्या गुडघ्यांनी आणि कमरेने जन्मभर मोजली. दांडेकर आणि रथ यांनी ओढलेली रेषा तिच्यासाठी होती. एकाच बाईच्या देहात दोन्ही बाजूंचा पुरावा होता, आणि दोन्ही बाजू तळमळीने मांडल्या गेल्या म्हणूनच तो पुरता दिसला.

वाद तिथेच थांबला नाही. १९८५ मध्ये स्वतः रथ यांनी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमावर कठोर टीका केली : गाई-म्हशींसाठी कर्ज देऊन फार थोडी घरे रेषेच्या वर येतात, मजुरीचे काम हवे. त्यावर प्रा. दांतवाला यांच्यासारख्या ज्येष्ठांनी प्रतिवाद केला. रेषाही बदलत गेली. त्याआधीच, १९७९ मध्ये, नियोजन आयोगाच्या कृतिदलाने खेड्यांसाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० उष्मांकांचा निकष घेतला. २००९ मध्ये प्रा. सुरेश तेंडुलकर समितीने रेषेची गाठ उष्मांकांपासून सोडवली आणि शिक्षण व आरोग्यावरचा खर्चही जमेस धरला.

म्हणून अभ्यासकांना माझी हात जोडून विनंती आहे. या दोन दिवसांत निबंध वाचून झाला की नुसत्या टाळ्या वाजवून उठू नका. कोणीतरी त्यातले कोष्टक उघडावे, बेरीज तपासावी आणि पटत नसेल ते उभे राहून सांगावे. तरुण संशोधकाला याहून मोठा मान नाही. आमच्या शाळेच्या अंगणात जेवणाला बाजरीची भाकरी, पिठले आणि ठेचा आहे. वाद तिथेही चालू द्या.

उद्या सकाळी आपण सारे डॉ. सुखात्म्यांच्या बुधला जाणार आहोत. पुसेगावच्या अलीकडे बस जरा हळू चालवायला मी चालकाला सांगितले आहे. तिथल्या डांबराखाली माझ्या आईने फोडलेली खडी आहे. आपण सर्वांनी तो रस्ता एकदा पाहावा, एवढीच इच्छा.