करसवलत आणि घरची बचत

(मंडळाच्या सावली येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. सारी नोकरी प्राथमिक शाळेत पाढे घोकून घेण्यात गेली. अर्थशास्त्रावर आम्ही काय बोलावे? परंतु गेल्या दिवाळीत घरात एक प्रसंग घडला आणि त्याने मनात घर केले. तो आपणांपुढे ठेवावा, एवढ्याच हेतूने आज उभे आहोत.

आमचा एक पुतण्या वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक आहे. भाऊबीजेला घरी आला असता म्हणाला, “काकाजी, आता बारा लाखांपर्यंत आयकरच नाही. मग पीपीएफ कशाला भरायचे? मी यंदापासून बंद केले.” त्याच पैशाचा हप्ता बांधून त्याने चारचाकी घेतली होती. गाडी दाराशी उभी होती. मुलेबाळे तीत बसून आनंदात होती. त्या आनंदात विघ्न नको म्हणून आम्ही गप्प राहिलो. परंतु रात्री झोप लागली नाही. मुलाचे गणित चूक नव्हते. मग आमचे मन अस्वस्थ का झाले? कर वाचतो म्हणूनच जर आपण बचत करीत होतो, तर ती बचत होती की केवळ कराची पळवाट होती? हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. या मांडवात जेवढी नोकरदार घरे बसली आहेत, त्या सर्वांचा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. आपला हा सारा मुलूख धानाचा. असोलामेंढ्याच्या तलावाखाली बांधी पिकली तर घरात सण, नाही तर उपास. शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा आयकर नाही. तेंदूपत्ता तोडणाऱ्या अथवा मोहफूल वेचणाऱ्या माणसालाही कर भरण्याइतके उत्पन्न कोठून असणार? म्हणजे ‘बचत करा व कर वाचवा’ ही सरकारची हाक आपल्या समाजातील बहुसंख्य घरांच्या उंबरठ्यापर्यंत कधी आलीच नाही. तरीही ती घरे बचत करीतच आली. कणगीत बियाण्याचे धान वेगळे ठेवणे ही बचतच होय. पोरीच्या लग्नासाठी एकेक मणी जोडून पोत पुरी करणे हीही बचतच होय. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन याच सावलीत भरले आणि गांधीजी येथे येऊन राहिले. त्या खादीच्या दिवसांत घराघरांत काटकसर होती, ती कोणत्या करसवलतीमुळे? तिच्यामागे गरज होती आणि रीतही होती.

आता सवलतीचा इतिहास थोडक्यात सांगतो. विम्याच्या हप्त्यावर करात सूट देण्याची रीत इंग्रजी अमदानीतील १९२२ च्या कायद्यातही होती. स्वातंत्र्यानंतर योजनांना भांडवल हवे होते, आणि जनतेने सरकारजवळ पैसा ठेवावा म्हणून हे आमिष वाढत गेले. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. १९६८ साली भविष्य निर्वाह निधीची सार्वजनिक योजना, म्हणजे पीपीएफ, सुरू झाली. १९९० साली मधु दंडवते अर्थमंत्री असताना कलम ८८ आले. त्याची रीत सोपी होती. शंभर रुपये गुंतवा, करातून वीस रुपये वजा. साहेब असो वा शिपाई, वजावट सारखीच. २००२ साली मात्र मोठ्या उत्पन्नाच्या लोकांसाठी ती कमी करण्यात आली. त्याच वर्षी डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील कार्यदलाने बचतीवरील असल्या सवलती काढून टाकाव्यात अशी शिफारस केली. परंतु २००५ च्या अर्थसंकल्पाने कलम ८८ काढले व एक लाखाच्या मर्यादेचे कलम ८०सी आणले. २०१४ साली ही मर्यादा दीड लाख झाली.

या बदलात एक मेख आहे. ८०सी मध्ये गुंतवलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते. म्हणून ज्याला तीस टक्के कर लागतो, त्याने दीड लाख गुंतवले तर उपकरासह ४६,८०० रुपये वाचतात. वीस टक्केवाल्याचे ३१,२०० वाचतात. ज्याला करच लागत नाही, त्याचे काहीच वाचत नाही. ज्याच्या घरी आधीच शिल्लक पडते त्याला बक्षीस मोठे, आणि जो पोटाला चिमटा घेऊन शंभर रुपये मागे टाकतो त्याच्या हाती काही नाही. शाळेत आम्ही असे गुण वाटले असते, तर पालकांनी आम्हांस जाब विचारला असता.

आता आमचीच फजिती सांगतो. दुसऱ्याची सांगण्यापेक्षा स्वतःची सांगणे बरे.

पाचव्या वेतन आयोगाचा पगार हाती पडू लागला, तेव्हा आम्ही प्रथमच करपात्र झालो. आमच्याकडे शिमगा आणि आयकर हे दोन्ही एकाच महिन्यात येतात. मार्च उजाडला की शिक्षकांच्या खोलीत एकच धांदल उडे. कोण किती गुंतवतो, पावती कधी मिळते, याखेरीज दुसरा विषय नसे. अशाच एका मार्चमध्ये, १९९९ साली, एका विमा प्रतिनिधीने आमच्यापुढे कागद ठेवला आणि आम्ही सही केली. वर्षाचा हप्ता सहा हजार. मुदत वीस वर्षे. विम्याची रक्कम किती, मध्येच पॉलिसी सोडली तर काय मिळते, यांपैकी काहीही विचारले नाही. एवढेच विचारले की, “पावती एकतीस तारखेच्या आत मिळेल ना?” मुलांना गणितात एक पायरी गाळली तर आम्ही छडी दाखवीत असू. स्वतःच्या गणितात आम्ही सर्व पायऱ्या गाळल्या.

पुढे मार्च २००० मध्ये पीपीएफचे खाते उघडले, तेही करासाठीच. त्यावर वर्षानुवर्षे चालत आलेले बारा टक्के व्याज त्याच जानेवारीत अकरावर आले होते. २००३ पर्यंत ते आठवर उतरले.

त्या २००३ च्या भाद्रपदात आमची आई अंथरुणाला खिळली. तिला नागपूरला न्यावे लागले. रोज पैसा लागे. आम्ही कागदांची पिशवी उघडली. पीपीएफमधून पहिली काही वर्षे रक्कम काढता येत नव्हती. राष्ट्रीय बचतपत्रांची सहा वर्षे भरायची होती. अखेर पॉलिसी मोडली. चार वर्षांत चोवीस हजार भरले होते. हाती सहा हजारही आले नाहीत. चार वर्षांत तिच्यापायी कर वाचला होता चार हजार आठशे. दोन्हींची बेरीज केली तरी तेरा हजारांची खोट.

तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी ट्रंकेतून पोस्टाचे एक पुस्तक काढले. शिवणकामाच्या मिळकतीतून १९९८ च्या पोळ्यानंतर त्यांनी आवर्ती ठेवीचे खाते सुरू केले होते. महिन्याला दोनशे रुपये. अल्पबचतीच्या महिला प्रतिनिधी दर महिन्याला घरी येत व कार्डावर नोंद करून पैसे नेत. या ठेवीला करात कसलीही सूट नाही, म्हणून आम्ही तिची थट्टा करीत असू. पाच वर्षांची मुदत नेमकी त्याच महिन्यात पुरी झाली होती. सोळा हजारांवर रक्कम आली. आईचे औषधपाणी त्यावर झाले व ती पुढे तीन वर्षे आमच्यात राहिली.

परत येताना बसमध्ये सौभाग्यवतींनी सहज विचारले, “अहो, दर वर्षी तुम्ही म्हणत होता, इतका कर वाचला, तितका कर वाचला. मग तो वाचलेला पैसा ठेवला कुठे?”

मंडळी, या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते, आजही नाही. तो पैसा पगारात मिसळला आणि खर्च झाला. बक्षीस आम्ही खाल्ले व त्याला बचत म्हणत राहिलो.

ही चूक आमच्या एकट्याची असेल असे आम्ही पुष्कळ दिवस समजत होतो. पुढे वाचनात आले की मोठमोठ्या देशांतील लोकही असेच वागतात. युरोपात डेन्मार्क म्हणून एक छोटा देश आहे. तेथील सरकारने १९९९ साली मोठ्या पगारदारांची एका प्रकारच्या निवृत्तिवेतन ठेवीवरील करसवलत कमी केली. त्याचा परिणाम काय झाला, हे राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षावधी लोकांच्या हिशेबांवरून तपासले आणि २०१४ साली प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले की शंभरांतील सुमारे पंच्याऐंशी माणसे सवलत वाढली काय आणि घटली काय, काहीच हालचाल करीत नाहीत. उरलेली पंधरा माणसे चतुर. परंतु तीही नवी बचत फारशी करीत नाहीत. एका खात्यातला पैसा उचलून दुसऱ्या खात्यात ठेवतात. सरकारने सवलतीवर एक रुपया खर्च केला, तर देशाच्या एकूण बचतीत जेमतेम एका पैशाची भर पडते. याउलट मालकाने पगारातूनच परस्पर रक्कम वळती केली, तर बहुतेकांची बचत खरोखर वाढते. कारण जो पैसा हाती आलाच नाही, त्याचा खर्च सुचत नाही.

हे वाचून आम्हांस आमचा भविष्य निर्वाह निधी आठवला. तो दरमहा पगारातून कापला जाई. त्याबद्दल आम्ही कधी विचार केला नाही व कधी बढाईही मारली नाही. निवृत्तीच्या दिवशी घराचे छत ज्या रकमेने पक्के झाले, ती हीच रक्कम होती.

तथापि एकच बाजू सांगणे न्यायाचे होणार नाही. करसवलत नसती तर आम्ही पीपीएफच्या वाटेला गेलो नसतो, हे कबूल केले पाहिजे. पहिली तीन वर्षे आम्ही करासाठी भरले, मग सवयीने भरले, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये मुदत संपली तेव्हा त्या रकमेवर मुलीचे परिचारिकेचे शिक्षण झाले. लहान मुलाला शाळेत आणण्यासाठी प्रथम खाऊ द्यावा लागतो. पुढे त्याला अक्षराची गोडी लागते. खाऊ वाईट नव्हे. खाऊ बंद झाला म्हणून जो शाळा सोडतो, त्याला गोडी लागलीच नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

आणि आता खाऊ बंद होत आहे. २०२० साली नवी करपद्धती आली. २०२३-२४ पासून, दुसरी निवडली नाही तर तीच लागू होते. तीत ८०सी ची वजावट नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने तीत बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले. सरकारने जणू सांगून टाकले की, कर कमी घेतो. तुमचे तुम्ही पाहा. यात आम्हांस वाईट काही दिसत नाही. परंतु ‘तुमचे तुम्ही पाहा’ या शब्दांचे ओझे घराघरांनी ओळखले पाहिजे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आमच्या शिक्षक बंधूंना जुने निवृत्तिवेतन उरले नाही. आमचा पुतण्या त्यांतलाच. आम्हांस म्हातारपणी दरमहा ठरलेली रक्कम मिळते, म्हणून आमच्या चुका झाकल्या गेल्या. त्याच्या चुका झाकायला कोणी नाही.

शिवाय त्याच्या गणितात एक पायरी गळली होती. नव्या पद्धतीत पीपीएफमध्ये भरताना वजावट मिळत नाही हे खरे. परंतु त्यावरील व्याज व मुदतीअंती मिळणारी रक्कम करमुक्तच आहे. सुकन्या समृद्धी योजनेचेही तसेच. २०१५ साली सुरू झालेली ही योजना दहा वर्षांखालील मुलींसाठी आहे. वर्षाला निदान अडीचशे रुपये, पंधरा वर्षे भरावयाचे, मुदत एकवीस वर्षांची. जानेवारी २०२४ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला. तोच दर कायम राहिला, तर महिन्याला हजार रुपये भरणाऱ्या घराला अखेरीस साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम मिळेल. हा लाभ शेतकऱ्याच्या मुलीला व साहेबाच्या मुलीला एकाच दराने मिळतो. आम्हांस ही योजना आवडते ती याच कारणाने.

आता आपणांस चार गोष्टींची विनंती करून आम्ही रजा घेतो. पहिली गोष्ट, तीन-चार महिन्यांचा घरखर्च हाताशी येईल असा ठेवावा, मग मुदतीच्या ठेवींकडे वळावे. आजारपण मुदत विचारून येत नाही. दुसरी, विमा घ्यावा तो मागे राहणाऱ्यांच्या पोटासाठी. कराच्या पावतीसाठी सही करू नये, आणि सहीपूर्वी मोडल्यास काय मिळेल हे लिहून घ्यावे. तिसरी, नोकरदाराने पगाराच्या दिवशी व शेतकऱ्याने धान विकल्याच्या दिवशी प्रथम बचतीचा वाटा बाजूला काढावा. खर्च करून उरेल ते ठेवू, असे म्हणणाऱ्याजवळ काही उरत नाही. चौथी गोष्ट, घरातील स्त्रीला विचारल्याशिवाय कोणताही कागद करू नये. या बाबतीतला आमचा अनुभव आपण आताच ऐकला.

मंडळालाही एक सूचना आहे. दर वर्षी आपण गुणवंत मुलांना बक्षीस देतो. त्या बक्षिसाचे पैसे पाकिटात न देता त्या मुलाच्या नावे पोस्टात खाते उघडून द्यावेत. आमच्या वेळी शाळेत संचयिका चाले. मुले चार-आठ आणे आणून वर्गातच जमा करीत व वहीत स्वतः हिशेब लिहीत. त्या मुलांना सवलत कसली माहीत होती? परंतु वहीतला आकडा वाढताना पाहून त्यांच्या तोंडावर जो आनंद दिसे, तो आम्ही विसरलो नाही.

पुतण्याचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. आम्ही त्याला उपदेश केला नाही. संक्रांतीला तो आला, तेव्हा त्याच्या काकूने त्याच्या हाती ते जुने पोस्टाचे पुस्तक ठेवले आणि त्याच्या आजीची हकिगत सांगितली. तो बराच वेळ पाने चाळत बसला. गाडीचा हप्ता चालूच आहे. परंतु पीपीएफमध्ये त्याने पुन्हा महिन्याला हजार रुपये भरण्यास आरंभ केला आहे. यंदा त्याला त्याबद्दल कराची कसलीही सूट नाही.